जळका ऊस

आपल्याकडे फड पेटला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. वाऱ्याने विजेच्या तारा एकमेकींना घासतात, ठिणगी पडते आणि वर्षाचं पीक तासाभरात काळं होतं. मग कारखान्याच्या शेतकी ऑफिसात खेटे घालायचे, तोड लवकर मिळावी म्हणून विनवण्या करायच्या, आणि शेवटी बिलात जळीत उसाची कपात सोसायची. त्यामुळे 'ऊस जाळा' एवढ्या मागणीसाठी कुणी दोन महिने संप केला होता, असं सांगितलं की ऐकणारा आधी दचकतो. पण तो संप झाला होता. १९३५ साली, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या उत्तर किनाऱ्यावर. संपावर गेले होते ऊसतोड मजूर, आणि त्यांना धास्ती होती ती उंदराच्या लघवीची.

टाउन्सव्हिलच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर, हर्बर्ट नदीच्या खोऱ्यात इंगम नावाचं गाव आहे. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास. आणखी वर टली गावाला सरासरी चार हजार, म्हणजे आपल्या कोकणालाही मान खाली घालायला लावणारा. एवढ्या पाण्यावर ऊस नुसता माजतो आणि वादळात आडवा पडतो. एकोणिसाव्या शतकात या मळ्यांवर प्रशांत महासागरातल्या बेटांवरून आणलेली माणसं राबत. कुणी करारावर आलेली, कुणी चक्क फसवून जहाजात घातलेली. १९०१ साली ऑस्ट्रेलिया एक राष्ट्र झालं, आणि ते गोऱ्यांचंच राहावं म्हणून पहिल्याच वर्षी या मजुरांना परत धाडण्याचा कायदा झाला. ऊस मात्र तोडायचा होताच. त्याआधी १८९१ मध्ये इटलीहून तीनशेवर माणसांचं एक जहाज टाउन्सव्हिलला लागलं होतं. त्यांच्यामागून भाऊ, मेहुणे, गाववाले येत राहिले. काहींनी जमिनी घेतल्या, बाकीचे कोयता धरून राहिले.

हे इटालियन गोरे होते, पण पुरेसे गोरे नव्हते. १९३० साली कारखानदार, ऊस उत्पादक आणि खुद्द मजुरांची युनियन या तिघांनी मिळून करार केला की तोडकऱ्यांपैकी ७५ टक्के तरी ब्रिटिश वंशाचे हवेत. मंदीचा काळ होता, कामासाठी रांगा होत्या. आपल्या भाकरीतला वाटेकरी कमी करायची ही जुनी रीत. पुढे काय झालं ते समजायला हा करार ध्यानात ठेवावा लागतो.

आता त्या फडात उतरू. तिकडची तोडणी जूनमध्ये सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालायची. टोळी ठरलेली, मजुरी टनावर. कोयत्याच्या पात्याला मागच्या बाजूला एक आकडा असे. त्याने पाचट ओढून काढायचं, मग कंबरेत वाकून, एका हाताने ऊस धरून, जमिनीलगत बुडख्यावर घाव घालायचा, कारण साखर बुडात जास्त. मग वाढे छाटायचे, ऊस ओळीने टाकायचा, आणि नंतर तोच ऊस खांद्यावर घेऊन रुळांवरच्या डब्यात भरायचा. हिरव्या उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते हे ज्याने एकदा तरी फडात पाय टाकलाय त्याला सांगायला नको. दुपारपर्यंत हातांवर, मानेवर, पोटऱ्यांवर बारीक रेघा उमटतात. त्यातून रक्त येईलच असं नाही, पण कातडी उघडी पडते. पाय चिखलात. पाचट दवाने भिजलेलं. आणि त्या पाचटाच्या थराखाली, ऊबदार अंधारात, उंदरांची वस्ती.

फडातला हा उंदीर ऑस्ट्रेलियाचा मूळचाच. गवताळ माळावर राहणारा, बिळं करणारा. माणसाने गवत काढून त्याहून गोड, त्याहून दाट गवत लावलं, तेव्हा त्याची चैन झाली. शेतकरी त्याच्यावर चिडायचे ते कुरतडलेल्या उसामुळे. लघवीकडे कुणाचं लक्ष असणार?

१९३३ च्या हंगामात इंगमच्या तोडकऱ्यांना एक विचित्र ताप येऊ लागला. एकाएकी थंडी भरायची, डोकं फुटायची वेळ यायची. डोळे लाल, पण पू नाही. पोटऱ्या इतक्या दुखायच्या की हात लावू देत नसत. बरेचजण आठवडाभराने उठून बसायचे. काहींचे डोळे मात्र लालाचे पिवळे व्हायचे, लघवी कमी व्हायची, उलटीतून, थुंकीतून रक्त पडायचं, आणि धडधाकट गडी पंधरा दिवसांत जायचा. उत्तर क्वीन्सलंडला तापांची नवलाई नव्हती. 'किनाऱ्याचा ताप', 'मॉसमन ताप' अशी गावागावांची नावं घेऊन ते वर्षानुवर्षं नांदत होते, आणि डॉक्टरही त्या नावांवर समाधान मानत. इंगमचे डॉक्टर जी. सी. मॉरिसी यांना मात्र कावीळ, मूत्रपिंड आणि रक्तस्राव ही तिकडी ओळखीची वाटली. पुस्तकात तिचं नाव होतं 'व्हाइलचा रोग'. ऑस्ट्रेलियात तो असल्याचं तोवर कुणी दाखवलेलं नव्हतं. मॉरिसींनी १९३४ च्या सुरुवातीला ते छापून मांडलं, आणि त्याच वर्षी कॉटर व सॉयर्स या दोघांनी प्रयोगशाळेतून आणि शेतांतून पुरावा गोळा करून ते पक्कं केलं.

रोगाची पुस्तकी कुंडली तेव्हा फार जुनी नव्हती. हायडेलबर्गच्या अडॉल्फ व्हाइल यांनी १८८६ साली त्याचं वर्णन केलं ते लक्षणांवरून. कारण ठाऊक नव्हतं. १९०७ मध्ये न्यू ऑर्लीन्समध्ये पीतज्वराने मेला म्हणून समजल्या गेलेल्या एका माणसाच्या मूत्रपिंडाच्या कापात आर्थर स्टिमसन यांना टोकाशी वाकलेले, प्रश्नचिन्हासारखे दिसणारे पीळदार जंतू सापडले. आकार पाहून त्यांनी जातीचं नावही 'प्रश्न विचारणारा' अशा अर्थाचं ठेवलं. कुणी त्याची फारशी दखल घेतली नाही. खरा उलगडा झाला जपानात, क्यूशू बेटावर, पहिल्या महायुद्धाच्या काळात. इनादा आणि इदो यांनी कोळशाच्या खाणींतल्या आजारी मजुरांचं रक्त गिनीपिगला टोचलं, त्या जनावराच्या यकृतात हेच पीळदार जंतू पाहिले, आणि पुढे उंदराच्या मूत्रपिंडात त्यांचं घर असल्याचं दाखवलं. उंदीर स्वतः आजारी पडत नाही. जंतू त्याच्या मूत्रनलिकांत आयुष्यभर भाड्याशिवाय राहतात आणि लघवीवाटे बाहेर पडत राहतात. ओल्या मातीत, साचल्या पाण्यात ते आठवडेच्या आठवडे तग धरतात. कोरडं पडलं की मरतात. जपानी डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की ओल्या खाणीत आजार जास्त. त्यांचा सल्ला साधा होता: खाणीतलं पाणी उपसा.

पाणी उपसायला पंप लागतो आणि पंपाला पैसे. इंगममध्ये तीच गोष्ट वेगळ्या रूपाने पुढे आली. इथे फड कोरडा करायचा तर एकच उपाय होता, आणि तो सगळ्यांच्या खिशात होता. काडी.

तोडणीच्या आदल्या संध्याकाळी, वारा पडल्यावर, फडाच्या कडेने आग लावायची. पाचट भडभडून पेटतं; रसाने भरलेला ऊस काळा पडतो पण उभा राहतो. काही मिनिटांत खेळ आटपतो. उंदीर बाहेर पळतात, कित्येक आतच मरतात, वर घारी घिरट्या घालत असतात. जमिनीवरचा ओला थर उरत नाही, म्हणजे जंतूंचा आसरा जातो. आणि पाचट सोलायचं नसल्याने हातांवर त्या बारीक रेघाही कमी उमटतात. रोगाची साखळी एकाच वेळी तीन ठिकाणी तुटते. इतका सोपा उपाय वैद्यकाच्या इतिहासात क्वचित सापडतो, आणि याला प्रयोगशाळेची परवानगी लागत नव्हती.

परवानगी लागत होती ती मालकाची. जळलेला ऊस लगेच गाळला नाही तर साखर उतरते, म्हणून गिरण्या त्याच्या भावात कपात करत. पाचट जळालं की जमिनीचं खत गेलं, ही शेतकऱ्याची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. पाऊस आला आणि गिरणी बंद पडली तर जाळलेला फड उभ्याउभ्या वाया. हर्बर्ट खोऱ्यातल्या दोन्ही गिरण्या कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीच्या. ही बलाढ्य कंपनी, तिच्यासमोर छोटे शेतकरी, त्यांच्याखाली तोडकरी. शेतकऱ्याला मी इथे खलनायक करणार नाही. तो गिरणीच्या कपातीला भीत होता, आणि ती भीती आपल्याकडच्या कुठल्याही ऊसवाल्याला अनोळखी नाही. तोडकऱ्यालाही जळका ऊस फुकटात मिळत नव्हता: सोलण्याचे कष्ट वाचतात म्हणून जळक्या उसाचा टनामागचा दर कमी असे. म्हणजे तो जीव वाचवायला स्वतःची मजुरी घटवून घ्यायला तयार होता.

१९३४ च्या हंगामात इंगमच्या तोडकऱ्यांनी हिरवा ऊस तोडायला नकार दिला. प्रकरण औद्योगिक न्यायालयात गेलं, आणि त्या भागात तोडणीआधी ऊस जाळावा असा आदेश निघाला. फड पेटले. आणि आजार झपाट्याने ओसरला. एखादं औषध शोधल्यावर चाचणी घ्यावी तशी ही चाचणीच होती, फक्त ती घेतली होती संपकऱ्यांनी आणि न्यायाधीशाने मिळून.

इतकं झाल्यावर प्रश्न संपायला हवा होता. पण आदेश होता इंगमपुरता. पुढच्या वर्षी उत्तरेकडच्या टली, मॉरिल्यन, साउथ जॉनस्टन, गूंडी या पट्ट्यात हिरवाच ऊस तोडायचा होता. आजार इंगमच्या वेशीवर थांबला नव्हता, हे तिथले तोडकरी पाहत होते. ऑगस्ट १९३५ मध्ये त्यांनी कोयते खाली ठेवले.

या वेळी त्यांच्या पाठीशी ना सरकार होतं, ना युनियन. क्वीन्सलंडमध्ये सरकार मजूर पक्षाचं, राज्याचे प्रीमियर विल्यम फोर्गन स्मिथ स्वतः साखरेच्या मुलखातले. तरी सरकारने संपाला बेकायदा मानून पोलीस पाठवले. ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियन, जी या मजुरांची प्रतिनिधी म्हणवत होती, तिने संपाला उघड विरोध केला. गिरण्या चालू ठेवायला संपफोडे आणले गेले. संप उचलून धरला तो कम्युनिस्टांनी, आणि त्याहून जास्त तोडकऱ्यांच्या बिऱ्हाडांनी. माणसं नाना मुलखांची: इंग्रज, इटालियन, स्पॅनिश, युगोस्लाव. पाच वर्षांपूर्वी ज्या कराराने त्यांना एकमेकांच्या ताटातले चोर ठरवलं होतं, तो करार या दोन महिन्यांत निदान संपाच्या छावणीत तरी गुंडाळून ठेवला गेला. बायकांनी स्वयंपाक केले, मदत गोळा केली, संपफोड्यांना रस्त्यात गाठून झापलं. लेखिका जीन डेव्हनी तिथे होत्या. पुढच्याच वर्षी त्यांनी या संपावर 'शुगर हेवन' ही कादंबरी लिहिली. कादंबरी प्रचारकी आहे हे मान्य. पण या आजाराभोवतीची माणसं पाहायची तर वैद्यकीय अहवालांपेक्षा तिथेच जावं लागतं. अहवालात नुसते 'रुग्ण' भेटतात.

ऑक्टोबरमध्ये संप मोडला. हाती काही न लागता माणसं कामावर गेली, आणि पुढाऱ्यांपैकी कित्येकांना त्या भागात काम मिळेना.

तरीही त्यानंतरच्या वर्षांत एकेका भागात फड जाळणं सुरू झालं, आणि काही काळाने उत्तर क्वीन्सलंडचा ऊस जाळूनच तोडायचा हा शिरस्ता पडला. संप हरला, मागणी जिंकली. गिरण्यांना कळलं की जळका ऊस वेळेत गाळला तर साखर मिळते, आणि तोडकरी दिवसाला जास्त टन उरकतो. पुढच्या पिढीतल्या ऊसतोड्यांचे जे फोटो आपण पाहतो, त्यांत माणसं काजळीने कोळसेवाल्यासारखी काळी झालेली असतात. पाहणाऱ्याला तो मळ वाटतो. ती काजळी त्यांनी मागून घेतली होती.

उंदराचा हिशेब चुकता झाला असं मानून ही गोष्ट इथे सोडली असती, पण १९३७ साली एक वेगळंच पान उघडलं. ब्रिस्बेनच्या उत्तरेला पोमोना नावाचं लहान गाव आहे, दुधाच्या धंद्याचं. तिथल्या एका गवळ्याला ताप आला: आठवडाभराचा, कावीळ नाही, जीवाला धोका नाही. क्लेटन, डेरिक आणि सिलेंटो यांनी त्याच्यामागचा जंतू शोधला, तर तोही त्या पीळदार जंतूंच्या, म्हणजे लेप्टोस्पायराच्या, कुळातलाच, फक्त फडातल्यापेक्षा निराळा. यातले रॅफेल सिलेंटो राज्याच्या आरोग्य खात्याचे प्रमुख; त्यांचं आडनाव इटालियन हा निव्वळ योगायोग, पण गमतीचा. या जंतूला गावाचंच नाव मिळालं, 'पोमोना'. त्याचं घर उंदरात नव्हतं. तो गुरांत आणि डुकरांत होता. दूध काढणारा माणूस गाईच्या मागे किंवा कासेशी वाकलेला असतो, गाय त्याला विचारून मुतत नाही, आणि एक शिंतोडा डोळ्यात जायला पुरे होतो. गाभण जनावर गाभडतं, वासराची लघवी लाल होते, आणि त्याच सुमारास मालक तापाने फणफणतो. या तिन्ही गोष्टी एकच आहेत हे गोठ्यात कुणाला सुचणार? १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या ओटो ग्सेल यांनी दाखवलं की आल्प्सच्या पायथ्याशी चीजच्या कारखान्यांजवळ डुकरं राखणाऱ्यांना येणारा जुना ताप याच पोमोनाचा. क्वीन्सलंडच्या गवळीवाड्याचं नाव असं युरोपच्या डुकरवाड्यांत जाऊन बसलं.

मग शोधाशोध सुरू झाली ती रानातही. १९५० आणि १९६० च्या दशकांत उत्तर क्वीन्सलंडमध्ये उंदीर, गुरं आणि रानजनावरं पकडून त्यांची मूत्रपिंडं तपासली गेली. जंतू सापडलेल्यांत एक होतं बॅंडिकूट. हे पिशवीवालं लांबतोंड्या जनावर आहे. उंदराशी त्याचं काही नातं नाही. नाव मात्र आपल्या घुशीचं. तेलुगूत घुशीला 'पंदिकोक्कु' म्हणतात, डुक्कर-उंदीर; हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी त्याचं बॅंडिकूट केलं आणि ऑस्ट्रेलियात उतरल्यावर दिसेल त्या लांबतोंड्याला ते चिकटवलं. कोकणात भाताच्या खाचरात, किंवा २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईच्या गुडघाभर पाण्यात, लेप्टोचा, म्हणजे याच आजाराचा, संशय ज्यांच्यावर पहिल्यांदा जातो त्यांत खरी घूस असते. नावाने का होईना, ती तिकडेही हजर होती.

इथल्या फडांतली आग पुढे हळूहळू विझली. हाताने तोडणं थांबलं, यंत्रं आली. यंत्राला हातपाय नसतात, म्हणून उंदराच्या लघवीची पर्वाही नसते. त्यात पावसाळी हंगामांत जाळलेला ऊस शेतातच नासायचा, तेव्हा हर्बर्ट खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत पुन्हा हिरवा ऊस तोडायला सुरुवात केली आणि पाचट जमिनीवर पसरून ठेवू लागले. जमिनीला आच्छादन मिळालं, ओल टिकली. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा शेतकरी जे म्हणत होता ते अखेर खरं ठरलं, फक्त आता फडात माणूस वाकलेला नव्हता. आणि लेप्टो? १९९० च्या दशकाच्या अखेरीला उत्तर क्वीन्सलंडमध्ये तो वर आला तो केळीच्या बागांत. केळीचा घड खांद्यावर घेणारा, ओल्या पानांत, चिखलात उभा राहणारा माणूस तिथे अजून होता.

लेप्टोचं निदान करायची एक जुनी, किचकट आणि अजूनही भरवशाची मानली जाणारी पद्धत आहे. वेगवेगळ्या प्रकारचे जिवंत जंतू नळ्यांत वाढवत ठेवायचे, रुग्णाच्या रक्तातला द्रव एकेका प्रकारात मिसळायचा, आणि काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं की कुठला प्रकार गुठळ्या धरतो. मेलेले जंतू तितके भरवशाचे नसतात, म्हणून जिवंत जंतूंना ठरावीक दिवसांनी नव्या नळीत हलवून जगवत राहावं लागतं. त्यातल्या काही प्रकारांची नावं उत्तर क्वीन्सलंडच्या रुग्णांवरून पडलेली आहेत. एक झानोनी. एक चेलेदोनी. एक क्रेमास्तोस, हे ग्रीक. एक श्वायझाक, पोलंडकडचं. रॉबिन्सन आहे. आणि 'ऑस्ट्रॅलिस' या प्रकाराचा प्रमाण वाण म्हणून जो ठेवलेला आहे, त्याचं नाव बॅलिको. टोळीच्या हजेरीपटावर शोभावी अशी ही यादी आहे. ब्रिस्बेनच्या प्रयोगशाळेत पॅसिफिकच्या बेटांवरून कुणा तापकऱ्याचं रक्त येतं, तंत्रज्ञ नळ्या ओळीने मांडतो, आणि पाहायला लागतो की आज झानोनी हलतोय की चेलेदोनी.